तोंडचा घास

पायऱ्या एकोणीस. सोळावी तुटलेली.
वर गेलं की आधी वास, मग ऊन,
मग इंशिराह, पाय पसरून बसलेली,
मांडीवर पारव्याचं पिल्लू,
गालात भिजवलेले गव्हाचे दाणे.

पिल्लाची चोच ती ओठांत धरते
आणि हलकी फुंकर घालावी तसे
दाणे त्याच्या घशात सोडते.
एक झालं. टोपलीत अजून तेरा.

मी दारातच थांबते.
माझ्या पिशवीत चित्रं आहेत:
हातमोजे घातलेली बाई, साबण, जाळीचा खुराडा,
मेलेल्या बदकावर लाल फुली.
चित्रातली बाई कुणाच्याच ओळखीची नाही.
इतकी पांढरी ओढणी घेऊन
आमच्या मनूफियात कुणी गच्चीवर जात नाही.

"बोल, वगीदा," ती म्हणते, तोंडात दाणे असताना,
म्हणून माझं नाव ओलं होऊन येतं.

बोलायचं काय?
की पलीकडच्या वाडीत बदकं माना वाकड्या करून
गोल गोल फिरली आणि रात्रीत गेली,
की कुणीतरी ती पोत्यात भरून कालव्यात सोडली
आणि त्याच कालव्यात पोरं डुंबतात,
की बुधवारच्या बाजारात निम्म्या भावानं
कुणी कोंबड्या विकत असेल
तर तो त्याची धास्ती विकतोय, घेऊ नका.
हे सगळं मला पाठ आहे.
दर घरामागे एक कागद, कागदावर सही,
जिला सही येत नाही तिचा अंगठा.

पाठ केलेलं नाही ते हे:
माझी आईसुद्धा असंच भरवायची.
आधी पारव्यांना, मग मला,
त्याच बोटांनी, त्याच मांडीवर,
आणि माझी पाळी नंतर का
म्हणून मी जिन्यात जाऊन रुसायचे.

इंशिराह ऐकते. बदकी तिच्या झग्याचं टोक ओढते.
"शेहाता लिबियात. पैसे येतात तेव्हा येतात.
ही टोपली म्हणजे नसमाची शाळा.
पाखरू मलूल झालं की सुरी फिरवायची,
एवढंच आम्हाला ठाऊक.
आणि तू म्हणतेस पुरायचं? अन्न पुरायचं?"

पुरायचं, मी म्हणते. दोन हात खोल. वर चुना.
हात न लावता. आणि कळवायचं.

"कळवलं की ते सगळीच मारतील."

यावर माझ्याकडे चित्र नाही.

खाली उतरायला वळले तेवढ्यात नसमा वर आली.
कोपऱ्यात बसून ती सगळं ऐकत होती म्हणे,
आणि मधेच कधी उठून गेली ते कुणाला कळलं नाही.
हातात खोकल्याच्या औषधाची कापलेली बाटली,
तोंडाला सायकलच्या ट्यूबचा ताणून बांधलेला तुकडा,
मधे चोचीएवढी चीर.
पहिल्या पिल्लानं दाणे सांडले.
दुसऱ्यानं मान फिरवली.
तिसरं भुकेलं होतं.
भुकेल्याला ओठ आणि रबर यांतला फरक कळत नाही,
किंवा कळतो, आणि चालतो.

इंशिराह बराच वेळ गप्प.
मग गालातले उरलेले दाणे
तिनं चावून स्वतःच गिळले.

पंधरा दिवसांनी परत गेले.
जिन्याच्या टोकाला शेहाताच्या जुन्या चपला,
फक्त गच्चीपुरत्या.
शेजारी विटेवर साबण,
साबणावर कोंबडीच्या पायाचा ठसा.
पीठ मळायची परात खाली गेली होती.
दोन बदकं अजून मोकाट, बरसीमच्या भाऱ्यावर चढलेली.
मी कागदावर "अंशतः" ला खूण केली.

ती बाटलीनं भरवत होती.
दर घासाला तिचे ओठ
आपसूक पुढे येत, गोल, रिकामे,
आणि पिल्लाचं गिळून झालं
की मिटत.

मला पाहून ती थांबली नाही.
"वगीदा," म्हणाली. कोरडं, स्वच्छ नाव.
"उतरताना सोळावी जप."